तेलाच्या थेंबाचा माग

पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर हडपसर हे जुने गाव आहे. एके काळी ते भाजीपाल्याच्या मळ्यांसाठी ओळखले जाई. पुढे तेथे कारखाने उभे राहिले आणि आज ते पुणे शहरात सामावून गेले आहे. येथूनच एक रस्ता सासवडकडे फुटतो. आषाढी वारीत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी याच रस्त्याने दिवे घाट चढून सासवडला जाते. या रस्त्याच्या कडेला एका वृद्ध मिस्त्रींचे मोटारी दुरुस्त करण्याचे छोटेसे गॅरेज आहे. मी आयुष्यभर शाळेत शिकविले. परंतु विचार कसा करावा याचा एक उत्तम पाठ मला या गॅरेजात, काळ्या तेलाने माखलेल्या फरशीवर बसून शिकावयास मिळाला. तो पाठ आज तुम्हांला सांगावा असे मनात आहे.

माझा एक बालमित्र हडपसरला डॉक्टर आहे. त्याच्याकडे त्याच्या वडिलांची जुनी फियाट मोटार आहे. ही गाडी परदेशी नावाची असली तरी तिची घडण मुंबईची. सोलापूरचे सुपुत्र आणि थोर उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमिअर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. मुंबईतील कुर्ल्याच्या तिच्या कारखान्यात इटलीच्या फियाट कंपनीच्या सहकार्याने मोटारी तयार होऊ लागल्या. पुढे हीच गाडी 'प्रीमिअर पद्मिनी' या नावाने घरोघरी परिचित झाली. मुंबईच्या रस्त्यांवर कित्येक दशके धावलेल्या काळ्यापिवळ्या टॅक्सी बहुतांशी याच जातीच्या होत्या. २०२३ साली त्यांतील शेवटच्या टॅक्सीने रस्त्याचा निरोप घेतला.

त्या काळी मोटार हवी म्हणून दुकानात जाऊन कोणी लगेच ती घरी आणीत नसे. नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. माझ्या मित्राच्या वडिलांना त्यांची गाडी १९६७ साली मिळाली. ती दारात आली तेव्हा आम्ही आळीतील सारी मुले तिच्याभोवती गोळा झालो होतो. वडील निवर्तल्यानंतर मित्राने ती जिवापाड जपली. म्हणूनच गेल्या काही वर्षांपूर्वीच्या एका आश्विन महिन्यात तो माझ्याकडे येऊन, "ही गाडी आता मोडीत काढावी म्हणतो," असे बोलला तेव्हा मला मोठा अचंबा वाटला.

"का बरे? काय झाले?" मी विचारले.

"तेल गळते आहे. सोमवारी सकाळी पाहावे तर गाडीखाली तळहाताएवढा काळा डाग! एकाने सांगितले की, इंजिनाच्या मागच्या बाजूचे ऑइल सील गेले. सारे इंजिन खाली उतरवावे लागेल. आणि हे सगळे त्या गॅरेजातल्या पोरामुळे! आषाढात त्याने टॅपेट कव्हरचे गॅस्केट बदलले. ते त्याने नीट बसविले नसणार. त्याला कामावरून काढा, असे मी आज मिस्त्रींना सांगणार आहे."

तो पोर मला ठाऊक होता. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून शिकून आलेला, अठरा-एकोणीस वर्षांचा, अबोल आणि कष्टाळू मुलगा. त्याच्या पगारावर घरातील धाकट्या भावंडांची शाळा चालत होती. मित्राचा राग पाहून मीही त्याच्याबरोबर गॅरेजात गेलो.

पुढची हकिकत सांगण्यापूर्वी इंजिनात तेल कशासाठी असते, ते थोडे समजून घेऊ. मोटारीच्या इंजिनात पेट्रोल जळते आणि त्या जोराने दट्टे, म्हणजे पिस्टन, वर-खाली होतात. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल, तर प्रत्येक दट्ट्या सेकंदाला पन्नास वेळा वर आणि पन्नास वेळा खाली जातो! धातूवर धातू इतक्या वेगाने घासला तर तो काही क्षणांतच तापून चिकटून बसेल. ते टाळण्यासाठी दोन्ही पृष्ठभागांच्या मध्ये तेलाचा अगदी पातळ थर सतत राहावा लागतो. इंजिनाच्या तळाशी एक पसरट भांडे असते. त्याला गॅरेजात 'चेंबर' म्हणतात. त्यात तीन-चार लिटर तेल साठविलेले असते. एक लहानसा पंप ते तेल उचलून बारीक वाटांनी इंजिनाच्या कानाकोपऱ्यांत, अगदी माथ्यावरील झडपांपर्यंत पोहोचवितो. आपले काम करून ते तेल पुन्हा चेंबरमध्ये उतरते. शरीरात जसे रक्त फिरते, तसे इंजिनात तेल फिरते.

आता इंजिन हे काही एकसंध ओतलेले नसते. अनेक भाग बोल्टांनी एकमेकांस जोडून ते बनते. दोन धातूंचे सपाट काठ कितीही घट्ट आवळले तरी त्यांच्यामध्ये सूक्ष्म फट राहतेच. म्हणून त्यांच्या मध्ये बूच, जाड कागद किंवा रबर यांची पट्टी घालतात. हेच गॅस्केट. जेथे फिरणारा दांडा इंजिनाबाहेर येतो तेथे त्याच्याभोवती एक कडे बसविलेले असते. ते ऑइल सील. वर्षे लोटली की बूच वाळते, रबर कडक होते आणि तेलाला बाहेर पडण्यास वाट सापडते.

थेंबाथेंबाने गळणाऱ्या तेलाची एवढी काय चिंता, असे तुम्हांला वाटेल. हिशेब करून पाहा. मिनिटाला एकच थेंब गळतो असे समजा. दिवसाची मिनिटे १४४०. सुमारे तीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर दिवसाला ४८ मिलिलिटर आणि महिन्याला जवळजवळ दीड लिटर तेल गेले! चेंबरमधील तेल असे घटत गेले आणि चालकाचे लक्ष नसले, तर इंजिन एके दिवशी कायमचे जाम होते. तेच तेल क्लचच्या तबकडीवर गेले तर ती घसरू लागते. तापलेल्या सायलेन्सरच्या नळीवर पडले तर धूर निघतो, प्रसंगी आगही लागते.

आम्ही गॅरेजात पोहोचलो. मित्राने आपला संताप बोलून दाखविला. तो मुलगा मान खाली घालून उभा राहिला. मिस्त्रींनी सारे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "साहेब, दोष पोराचा असेल तर मी त्याला जरूर बोलेन. पण आधी तेल कोठून येते ते तर पाहू. रोगी आला की तुम्ही लगेच औषध देता, की ताप कशाने आला ते आधी तपासता?"

डॉक्टर निरुत्तर झाला.

"थेंब पडतो ती जागा म्हणजे गळतीची जागा नव्हे," मिस्त्री पुढे म्हणाले. "कौलारू घरात पाणी एका ठिकाणी टपकते, पण फुटके कौल भलतीकडेच असते. पाणी वाशावरून वाहत येते आणि जिथे वासा संपतो तिथे गळते. तेलाचेही तसेच. ते उतारावरून खाली येते आणि गाडी पळत असताना समोरच्या वाऱ्याने मागे लोटले जाते. म्हणून ओल जिथे सर्वांत वर आणि सर्वांत पुढे असेल, तिथे शोधायचे."

मिस्त्रींनी पहिली गोष्ट केली ती ही की, गाडीखाली एक मोठा पांढरा पुठ्ठा सरकविला आणि चाकांच्या जागी त्यावर खुणा केल्या. थोड्या वेळाने पुठ्ठ्यावर दोन थेंब पडले. त्यांनी एक थेंब बोटावर घेतला, चोळला, हुंगला. ते म्हणाले, "गाडीतून गळणारे प्रत्येक द्रव्य हे इंजिनाचे तेल नसते. रेडिएटरचे पाणी बोटाला बुळबुळीत लागत नाही, पेट्रोल वासावरून कळते आणि लगेच उडून जाते, गिअरचे तेल दाट असून त्याला उग्र दर्प येतो. ब्रेकचे द्रव्य रंगावर पडले तर रंगच उखडून काढते. हे मात्र काळसर आणि गुळगुळीत आहे. इंजिनाचेच तेल."

पुठ्ठ्यावरील डाग इंजिनाच्या मागच्या टोकाखाली होता. मागचे ऑइल सील गेले असे सांगणाऱ्या गृहस्थाची चूक नेमकी येथे झाली होती. त्याने थेंब पाहिला. थेंबाचा मार्ग पाहिला नाही.

नंतर इंजिन थंड झाल्यावर त्या मुलाने ब्रशाने आणि रॉकेलाने ते वरपासून खालपर्यंत धुतले व चिंध्यांनी कोरडे पुसले. जुन्या मळाखाली नवी ओल दिसत नाही. म्हणून आधी पाटी कोरी करावयाची. मग मिस्त्रींनी एक अशी वस्तू मागविली की मला हसूच आले. ती वस्तू म्हणजे खडूची पूड! आयुष्यभर माझ्या बोटांना लागलेली ती पूड त्यांनी इंजिनाच्या सांध्यांवर हलकेच उधळली. "गुरुजी, पांढऱ्यावर काळे उमटते, हे तुमच्या फळ्याच्या उलट झाले," ते मला म्हणाले. तेलाचा अत्यल्प अंशही आला की पूड भिजून काळी पडते आणि वाट दाखविते. हल्ली काही ठिकाणी तेलात एक चकाकणारा रंग मिसळून जंबुपार किरणांच्या दिव्याखाली गळती पाहतात. तत्त्व मात्र एकच.

इंजिन चालू केले. पंधरा मिनिटे गेली. पूड पांढरीच्या पांढरी! डॉक्टर वैतागला. "आता गळत नाही म्हणावे, तर घरी का गळते?"

तेव्हा तो मुलगा प्रथमच बोलला. "उस्ताद, मी गॅस्केट बसविल्यावर महिनाभर गाडी कोरडी होती. साहेबांनी तेल गळते असे सांगितले ते भाद्रपदात. मी चुकलो असतो, तर पहिल्याच दिवशी गळायला हवे होते ना?"

मिस्त्रींचे डोळे चमकले. "साहेब, भाद्रपदापासून गाडीच्या वापरात काही बदल झाला का?"

डॉक्टर विचारात पडला. "एरवी गाडी घर ते दवाखाना एवढीच चालते. दीड-दोन किलोमीटर. भाद्रपदापासून मात्र दर रविवारी मी सासवडच्या पुढे एका खेड्यात रोगी तपासायला जातो."

"म्हणजे रविवारी दिवे घाट चढता आणि सोमवारी डाग दिसतो," मिस्त्री म्हणाले. "चला तर घाटात."

आम्ही त्याच गाडीतून निघालो. वडकी मागे पडली. चढ सुरू झाला. दरीत मस्तानी तलावाचे पाणी दिसू लागले. जुने इंजिन भार ओढीत कण्हत होते. माथ्यावर पोहोचून आम्ही परत फिरलो. गॅरेजात येऊन बॉनेट उघडले. आता पांढऱ्या पुडीवर एक काळी रेघ स्पष्ट उमटली होती. ती इंजिनाच्या माथ्यावरील टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून निघून, पाठीवरून खाली उतरून थेट तळाशी गेली होती. मागचे सील निर्दोष होते. इंजिन उतरविण्याचे कारणच उरले नाही.

परंतु त्या मुलाचा चेहरा उतरला. कारण ते गॅस्केट त्यानेच बसविलेले होते. "पाहा, मी म्हणत नव्हतो?" डॉक्टर म्हणाला.

"साहेब, तेल कोठून आले ते कळले, का आले ते अजून कळायचे आहे," मिस्त्री उत्तरले. त्यांनी इंजिन चालू ठेवून तेल ओतण्याच्या तोंडाचे झाकण काढले आणि त्या तोंडावर एक पातळ कागद ठेवला. कागद फडफडत वर उडाला! आत कोंडलेला वायू बाहेर धावत होता.

याचा अर्थ त्यांनी समजावून सांगितला. पेट्रोल जळल्यावर होणारा बहुतेक वायू सायलेन्सरवाटे निघून जातो; पण थोडा दट्ट्याच्या कड्यांमधून निसटून खाली चेंबरच्या बाजूस येतोच. त्याला बाहेर पडण्यासाठी एक नळी ठेवलेली असते. तिला 'ब्रीदर' म्हणतात. जणू इंजिनाचे नाकच. ते बंद झाले की आत दाब वाढतो आणि तो दाब तेलाला सर्वांत दुबळ्या सांध्यातून बाहेर ढकलतो. उभ्या गाडीत इंजिन संथ चालते तेव्हा हा वायू थोडाच असतो. घाट चढताना तो पुष्कळ वाढतो. म्हणून गॅरेजात न दिसलेली गळती घाटात दिसली.

मुलाने ब्रीदरची नळी काढली आणि तिच्यात फुंकर मारली. हवा पलीकडे जाईना. आत काळपट चिखल घट्ट साचला होता. रोज दोनच किलोमीटर चालणाऱ्या गाडीचे इंजिन पुरते तापत नाही. आत तयार झालेली पाण्याची वाफ निघून न जाता थंड होऊन तेलात मिसळते आणि असा चिखल बनतो. नळी रॉकेलाने धुऊन स्वच्छ केली. पुन्हा कागदाची परीक्षा घेतली. या वेळी तो जागच्या जागी किंचित थरथरला, एवढेच.

"आता गॅस्केटही बदलून टाका," डॉक्टर म्हणाला.

"एका वेळी एकच बदल," मिस्त्रींनी बोट वर केले. "दोन्ही एकदम बदलले आणि गळती थांबली, तर ती कशाने थांबली हे मला कळणार नाही. आणि या पोराचा निकाल अर्धवट राहील."

पुन्हा इंजिन पुसले, पुन्हा पूड टाकली, पुन्हा तोच घाट चढून उतरलो. या खेपेस तळहाताएवढ्या डागाच्या ठिकाणी नखाएवढीच ओल होती. मग त्यांनी टॅपेट कव्हर उघडले. बुचाच्या गॅस्केटवर कव्हरच्या काठाचा ठसा चारी बाजूंनी सारखा उमटला होता. वेडेवाकडे किंवा अति आवळून बसविलेले गॅस्केट असा सारखा ठसा दाखवीत नाही. फक्त मागच्या कोपऱ्यात, दाबाने तेल बाहेर पडले होते तेथे, बूच खचले होते. नवे गॅस्केट बसवून तिसऱ्यांदा घाट चढलो. परत आल्यावर पूड खडूसारखी शुभ्र होती.

मिस्त्री डॉक्टरांकडे वळून म्हणाले, "साहेब, पोराचे काम चोख होते. चूक माझी. आषाढात गाडी आली तेव्हा ब्रीदर साफ करायला मी सांगायला हवे होते. जुन्या गाडीच्या बाबतीत ते विसरणे बरे नव्हे."

क्षणभर कोणीच बोलले नाही. मग माझा मित्र पुढे झाला. त्याने त्या मुलाच्या काळ्या हाताला आपला हात लावला आणि म्हणाला, "बाळ, मी तुझ्यावर विनाकारण ठपका ठेवला. मला क्षमा कर." मुलाला काय बोलावे हे सुचले नाही. त्याने जवळची चिंधी उचलली आणि तो बॉनेटवरील बोटांचे ठसे पुसू लागला. परत येताना मित्राने गाडी मोडीत काढण्याचा विषयही काढला नाही. ती फियाट आजही धावते आहे. मात्र महिन्यातून एकदा तिला लांबवर फिरवून आणण्याचा नियम त्याने पाळला आहे.

मुलांनो, चालू इंजिनाचा पंखा आणि तापलेल्या नळ्या फार धोकादायक असतात. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली तर मोठ्यांनीही जाऊ नये. तेव्हा असले प्रयोग जाणत्या माणसाखेरीज करू नका. इंजिनातून काढलेले जुने तेलही गटारात वा कालव्यात ओतू नका. पाण्यावर ते पातळ होऊन दूरवर पसरते आणि पाण्यातील जीवांस घातक ठरते.

परंतु त्या दिवशीचा पाठ मोटारीपुरता नाही. घरात वस्तू हरवते, वर्गात काच फुटते, खेळात सामना हरतो. अशा वेळी समोर जो दिसेल त्याच्याकडे आपले बोट वळते. तेव्हा त्या खडूच्या पुडीची आठवण ठेवा. आधी पाटी कोरी करा, लक्षपूर्वक पाहा, 'कोठून' हे कळल्यावर 'का' हेही विचारा, आणि एका वेळी एकच बदल करून खात्री करून घ्या. दोषाचे मूळ सापडेपर्यंत कोणाला दोषी म्हणू नका. आणि मूळ आपल्यापाशीच सापडले, तर त्या मिस्त्रींप्रमाणे ते मोकळ्या मनाने कबूल करा.

प्रश्न

१. इंजिनात तेलाची आवश्यकता का असते?
२. "थेंब पडतो ती जागा म्हणजे गळतीची जागा नव्हे." हे विधान मिस्त्रींनी कोणत्या उदाहरणाने स्पष्ट केले?
३. गॅरेजात न दिसलेली गळती घाट चढल्यावर का दिसली?
४. मिस्त्रींनी ब्रीदर आणि गॅस्केट एकाच वेळी का बदलले नाहीत?
५. त्या मुलाने विचारलेल्या प्रश्नामुळे शोधाला कोणती दिशा मिळाली?
६. नळातून दर दोन सेकंदांना पाण्याचा एक थेंब गळतो. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरल्यास दिवसाला किती पाणी वाया जाईल, याचा हिशेब करा.
७. न तपासता कोणावर ठपका ठेवल्याचा एखादा प्रसंग तुम्ही पाहिला असेल, तर तो दहा-बारा ओळींत लिहा.